न भरायचं पाणी

आमच्या गंगाखेडात माणूस घराबाहेर पडला की त्याला कारण लागतं. बाजार, दवाखाना, लग्न, मयत, कोर्टाची तारीख ही झाली मान्यताप्राप्त कारणं. डोंगरावर जायचं म्हटलं तर नवस हवा, नाहीतर हरवलेली म्हैस. ‘डोंगरावर एक तळं आहे, ते बघायला घरादारासकट चाललोय’ असं मी ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं आधी माझ्याकडं आणि मग माझ्या बायकोकडं काळजीनं पाहिलं.

तळ्याची कल्पना माझी नव्हती. मी कचेरीत कारकून. कारकुनाला कल्पना सुचत नाहीत, वरून येतात. ही आतून आली, म्हणजे स्वयंपाकघरातून. दिवाळी होऊन गेली होती आणि त्या साली पाऊसपाणी झकास झालं होतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर लोकांच्या तोंडावर एवढं तेज मी पहिल्यांदाच बघत होतो. आमच्या गल्लीतल्या नळाला मात्र पाऊसपाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो आपला झुंजुमुंजूला यायचा, करंगळीएवढी धार धरायचा आणि धड उजाडायच्या आत खाकरून बंद व्हायचा. लग्न झाल्यापासून माझी बायको सुला त्या नळावर उभी आहे. त्याआधी माहेरी विहिरीवर होती.

एका संध्याकाळी तिनं रांजणात शेवटची घागर ओतली, ओले हात पदराला पुसत उंबऱ्यात बसली आणि समोर बघत म्हणाली, “अवो, मला एकदा असं पाणी बघायचंय, जे भरून आणावं लागत न्हाई.”

मला वाटलं, घरात नळ घ्यायचं सुचवतेय. म्हणून मी ऐकू न आल्यासारखं केलं.

“नुसतं बसायचंय पाण्यापाशी,” ती म्हणाली. “दिसभर. हातात कायबी न घेता.”

“मग गंगेवर जाऊ की. ही काय इथं गोदावरी.”

“गंगंवर गेलं की धुणं असतंय.”

आमच्या घरात पाणी म्हणजे सुलाचं काम, हे मी इतकं धरून चाललो होतो की पाणी नुसतं बघायचीही वस्तू असू शकते हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. संसारात तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझ्या तोंडून आश्वासन निघून जातं. “दाखवतो,” मी म्हणालो.

आमच्या आणि शेजारच्या माणिकरावांच्या घरांमधली भिंत कमरेएवढी आहे. एका घरात झालेलं बोलणं दोन्ही घरांत झालं असं धरतात. माणिकराव एस.टी.त कंट्रोलर होते. रिटायर झाल्यापासून गाड्या सोडायची हौस ते शेजाऱ्यांवर भागवतात. भिंतीवर कोपरं टेकून ते म्हणाले, “वयनीला पाणीच बघायचंय ना? मग बगळतळं दाखवा. आपल्या डोंगराच्या पार माथ्यावर हाय. माळवडी फाट्याला उतरायचं अन् वर चढायचं. आरशासारखं पाणी, पंडितराव! काठाला बगळे. ना गाव, ना गल्ली. आभाळ खाली उतरून पाणी पितंय असं वाटतंय बघा.”

“तुम्ही पाहिलंय?”

“मपले ड्रायवर पाहून आलेत. अन् त्या ड्रायवरांच्या ड्यूट्या मी लावल्यात. मग फरक काय राहिला?”

त्या दिवसापासून बगळतळं आमच्या घरी राहायलाच आलं म्हणा. आमची लेक उत्पला तिसरीत होती. ती पाटीवर तळं काढायची आणि पुसायला तयार नसायची, त्यामुळं तिची गणितं तळ्याच्या काठाकाठानं होऊ लागली. सुला भाकरी थापता थापता मध्येच थांबायची, आणि तिच्या डोळ्यांत बघितलं तर खरंच काहीतरी निळं हललंय असं वाटायचं. भाकरी करपायची, पण ती करपलेली भाकरीसुद्धा आम्ही कौतुकानं खायचो. मला कचेरीत फायलींचे ढीग डोंगरासारखे दिसत, आणि सगळ्यात वरच्या फायलीवर बगळा बसलेला असे.

एकट्या माझ्या आईला, सरजाबाईंना हा प्रकार पसंत नव्हता. “पाण्याला जायचं अन् हातात घागर न्हाई? लोक काय म्हणतील?” हे तिचं एकच पालुपद. आईचं पाण्याशी वेगळं नातं. ती पोर असताना गावच्या विहिरीला आमच्या लोकांनी शिवायचं नव्हतं. रिकामी घागर घेऊन लांब बसायचं, आणि कुणाच्या मनात आलं तर तो वरून ओतणार. सकाळची दुपार व्हायची. छप्पन साली धम्म घेतला, देव गेले, नवस गेले, मान ताठ झाली. पण पाणी दिसलं की घागर पुढं करायची ही सवय काही आईच्या हातातून गेली नाही. पाण्यापाशी रिकाम्या हातानं बसणं तिला चैनीचं वाटायचं, आणि चैन तिला चोरीसारखी वाटायची.

आता परवानगी. तुम्ही म्हणाल, रविवारी तळं बघायला परवानगी कसली? तुम्ही सरकारी नोकरीत नसणार. त्या दिवसांत कचेरीत शिस्तीचा फार बोभाटा होता. मुख्यालय सोडायचं तर आधी मंजुरी. आमचे हेडक्लार्क आबासाहेब. त्यांनी माझा अर्ज चष्म्याच्या वरून वाचला, मग चष्म्यातून वाचला.

“कारण, तळं पाहणे,” ते म्हणाले. “पंडितराव, सरकारी माणूस तळं पाहत नसतो. तळ्याची पाहणी करतो. अन् पाहणीचा हुकूम तुम्हाला हाय का?”

“नाही.”

“मग चुलता आजारी लिहा.”

“मला चुलता नाही.”

“तेच तर बरं. कुणाला तकलीफ न्हाई.”

पण खोटं लिहायचं नाही हा माझा बाणा. मी छाती काढून तसं म्हणालो. आबासाहेबांनी अर्ज उलटा करून ठेवला आणि पानाचा डबा उघडला. मग हळूच म्हणाले, “बगळतळं म्हणजे ते डाळ शिजायच्या पाण्याचंच ना?”

परगावच्या वाचकांसाठी इथं थोडं थांबलं पाहिजे. आमच्या भागातल्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. सकाळी चुलीवर ठेवलेली डाळ दुपारपर्यंत दाणा न् दाणा राखून असते. कुठल्या पाण्यात डाळ मऊ शिजते यावर आमच्याकडं सोयरिकी जुळतात. बगळतळ्याच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी होते ही बातमी कुणी उठवली ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण माझा माणिकरावांवर संशय आहे. आबासाहेबांनी अर्ज सरळ केला, सही ठोकली आणि म्हणाले, “घरून एक डबा पाठवतो. रॉकेलचाच हाय, पण घासून लख्ख केलाय. येताना तेवढा भरून आणा.”

साहेबांना नाही म्हणता येत नाही. मी हो म्हणालो, आणि तिथंच घसरलो.

घरी येतो तर ओट्यावर माणिकरावांच्या मालनबाईंची कळशी. “वयनी, एवढीच आणा. आमच्या ह्यांच्या कवळीला ती डाळ चावंना झालीय.” कळशीला नाही कसं म्हणणार? शेजारधर्म आहे. मालनबाईंची घेतली म्हटल्यावर समोरच्यांची चरवी, त्यांची घेतली म्हणून कोपऱ्यावरच्या तीन घरांच्या तीन घागरी. दूध घालणाऱ्या बाईनं किटली ठेवली. ज्यांच्याशी आमचं बोलणं नव्हतं त्यांनी तांब्या पाठवून बोलणं सुरू केलं. शनिवारी दिवेलागणीला आमचा ओटा तांबटाच्या दुकानासारखा दिसत होता. सुला भांडी पुसून ओळीनं लावत होती. पण तिच्या डोळ्यांतलं ते निळं कुठंतरी गेलं होतं. भरून न आणायचं पाणी बघायला निघालेली बाई, आणि अख्ख्या गल्लीचं पाणी तिच्या डोक्यावर!

“मी सगळ्यांना परत देऊन येतो,” मी म्हणालो.

“नगं. लोक नावं ठेवतील,” ती म्हणाली. “एवढं काय, भरू की.”

आई मात्र खुशीत होती. “आता कसं रीतीनं झालं,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी स्टँडवर माणिकराव टोपी घालून हजर. वाट दाखवायला ते येणार हे त्यांनी आपलं आपणच ठरवलं होतं. “सगळा इंतजाम मपल्याकडं. तुमी फक्त बसा,” असं म्हणून त्यांनी भांडी गाडीत चढवायला घेतली, तेवढ्यात ड्रायव्हर चहा अर्धा टाकून धावत आला.

“ह्या रिकाम्या घागरी घेऊन कोण चढायलंय?”

“आम्ही,” मी म्हणालो.

“मग मी गाडी काढत न्हाई. एक रिकामी घागर आडवी आली तर माणूस माघारी फिरतो. हितं घागरींची वरात हाय! पुढं घाट हाय मालक, मलाबी लेकरंबाळं हायेत.”

मी त्याला शकुन-अपशकुनाच्या खुळचटपणावर चार शब्द सुनावले. छान सुनावले. माणूस चंद्रावर जाऊन आला, हेही सांगितलं. गाडीतले लोक मन लावून ऐकत होते. भाषण संपल्यावर त्यातला एकजण म्हणाला, “बराबर हाय तुमचं. पण भरून घ्या की, खामखा कशाला.” सगळ्या गाडीनं माना हलवल्या. माणिकरावांनी आपल्या जुन्या वजनाचा वापर करून स्टँडचा नळ मिळवला, आणि आम्ही सगळी भांडी काठोकाठ भरली. भरलेली घागर हा मोठा शकुन! ड्रायव्हरनं एकेक घागर हातानं आत घेतली आणि आम्हाला पुढची जागा दिली. वळणावळणावर पाणी हिंदकळत होतं. माझी विजार गुडघ्यापर्यंत भिजली. उत्पला घागरीत वाकून, हलत्या पाण्यात स्वतःचं तोंड बघून हसत होती. खिडकीतून हरभऱ्याचा, ओल्या मातीचा वास येत होता. मला जरा डुलकी लागली, आणि डुलकीत आम्ही सगळे एका मोठ्या घागरीत बसून कुठंतरी तरंगत चाललो होतो.

माळवडी फाट्याला गाडी आम्हाला उतरवून निघून गेली. समोर डोंगर. शेजारी भरलेली भांडी.

“ओतून टाका,” माणिकराव म्हणाले. “रिकामी वर नेऊ.”

मी साहेबांचा डबा कलता केला, तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं. “पाणी सांडतूस? बहात्तरला खडी फोडायला हुते मी. वाटीभर पाण्यावर दिस काढलाय. मपल्या डोळ्यांदेखत थेंब सांडायचा न्हाई.”

“अगं आई, आपण पाण्याकडंच चाललोय!”

“मग चला की. पाणी घेऊन पाण्याकडं जायला कुणाची बंदी हाय का?”

भांडी फाट्यावर सोडावीत तर लोकांची भांडी. अशा रीतीनं बगळतळ्याचं पाणी आणायला निघालेलं आमचं कुटुंब गंगाखेडच्या नळाचं पाणी घेऊन डोंगर चढू लागलं. माणिकरावांकडं वाट दाखवायचं काम असल्यामुळं त्यांच्या हातात फक्त किटली होती. माझ्याकडं डबा आणि चरवी. आईकडं कळशी, उत्पलाकडं तांब्या. सुलाच्या डोक्यावर घागरीवर घागर, आणि काखेत आणखी एक.

वाटेत एक शेतकरी बैल धरून उभा होता. आमची रांग बघून त्यानं हात जोडले. “कोणत्या देवाला पाणी घालायलाव, मालक?”

“देव नाही. तळं बघायला चाललोय,” मी म्हणालो.

त्यानं जोडलेले हात सोडले. मग बैलाला म्हणाला, “चल बाबा.”

पुढं वाट अशी सुंदर होत गेली की मला रागवायचंही सुचेना. कमरेएवढं पिवळं गवत दोन्ही अंगांनी वाकायचं आणि आम्ही गेलो की उठायचं. ऊन होतं, पण आजोळच्या उन्हासारखं, लाडिक. पुढं सुला चालत होती. मान ताठ, घागरींतून पाणी निथळून मानेवरून पाठीवर उतरत होतं. एकदाही तिनं मागं वळून बघितलं नाही. मला आपलं वाटलं, आपण हिला डोंगर दाखवायला आणलं आणि हिला दिसतोय तो पायाखालचा दगड. घागरी डोक्यावर असल्या की मान वर करता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. लाज वाटली मला. “एक घागर मला दे,” मी म्हणालो. “डबा सांडाल,” ती म्हणाली. ते खरं होतं.

आणि मग चढ संपला आणि तळं आलं.

माणिकरावांनी न बघता सांगितलेलं सगळं खरं निघालं, याचा धक्का सगळ्यांत जास्त माणिकरावांनाच बसला. त्यांनी टोपी काढली. डोंगरमाथ्यावर ओंजळ धरल्यासारखी जागा होती आणि तीत निळं, गार, अजिबात न हलणारं पाणी. एक पांढरा ढग त्यात बुडून बसला होता. काठाला बगळे होते. आमच्याकडं बघून ते उडालेसुद्धा नाहीत, एकानं फक्त पाय बदलला. पलीकडं मेंढरं विखुरली होती, त्यांच्या घंटा इतक्या मंद वाजत होत्या की त्या झोपेत वाजत असाव्यात.

सुलानं घागरी उतरवल्या. किती तरी वेळ ती नुसती उभी राहिली. मग एका सपाट दगडावर जाऊन बसली, पाय पाण्यात सोडले आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. रिकामे.

मेंढरांमागून एक बाई काठी टेकत आली. कासाबाई तिचं नाव. आमची भांडी बघून तिचे डोळे चमकले. “नळाचं हाय का?” तिनं विचारलं. आईनं तांब्या पुढं केला. ती गटागटा प्याली आणि तोंड पुसत म्हणाली, “लय गोड! ह्या तळ्याचं पिऊन पिऊन जिभंला शेवाळ आलंय बाई.”

माणिकराव घाईनं पुढं आले. “पण ह्यात डाळ लोण्यासारखी शिजते म्हणं?”

“ह्यात?” कासाबाई हसायला लागली. “अवो, दगुड शिजंल एकांदा, डाळ न्हाई. सकाळपास्नं चुलीवर हाय मपली, तशीच टणाटणा उड्या मारायलीय. हे नळाचं जरा देताव का मला?”

आईनं माझ्याकडं असं बघितलं, की पाणी सांडलं असतं तर काय झालं असतं ते सांगायची तिला गरजच उरली नाही. कासाबाईनं मेंढपाळांच्या पालावरनं होती नव्हती तेवढी भांडी आणली आणि आमच्या घागरी रिकाम्या करून घेतल्या. बदल्यात तिनं दूध दिलं. आम्ही भाकरी, ठेचा, दूध असं जेवलो. उत्पला कोकराच्या पोटावर डोकं ठेवून झोपून गेली. माणिकराव घोरू लागले. ढग पाण्यातून हळूहळू या काठाकडून त्या काठाकडं गेला. सुलाला घास हातात नेऊन द्यावा लागला, ती दगडावरून उठलीच नाही. मी मनाशी म्हणालो, पंडितराव, जमलं तुम्हाला.

उन्हं कलली तशी माणिकराव दचकून जागे झाले. घड्याळ बघून ओरडले, “वयनी! उठा, घागरी भरा. गाडी चुकंल.”

“कशाला भरायच्या?” मी म्हणालो. “डाळ तर शिजत नाही.”

“शिजो न्हाईतर न शिजो. रिकाम्या घागरी बघून तो ड्रायवर गाडीत घ्यायचा न्हाई. अन् गल्लीला काय दाखवाल, ठणठणपाळ?”

सुलानं पाय पाण्यातून काढले. दिवसभर न हललेले तिचे हात आपोआप पदर खोचू लागले. उठता उठता तिनं तळ्याकडं एकदा बघितलं, स्टेशनवर सोडायला आलेल्या माणसाकडं बघतात तसं.

“तू बस,” कुणीतरी म्हणालं.

ते मी म्हणालो असतो तर किती बरं झालं असतं. पण म्हणाली आई. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून तिला दगडावर दाबून बसवलं, आणि मग स्वतःही कुरकुरत्या गुडघ्यांनी तिच्या शेजारी बसली. लुगडं जरासं वर घेऊन पाय पाण्यात सोडले. गार लागलं तसं पोरीसारखं “आई गं!” म्हणाली. “लई लांबनं बघितलंय पाणी मी,” ती म्हणाली, सुलाला की तळ्याला कोण जाणे. मग माझ्याकडं न बघताच, “पंडित, भर रं. अन् सांडू नगंस.”

आता काय करता? मी विजार वर दुमडली, बूट काढले आणि गुडघाभर पाण्यात उतरलो. घागर बुडवावी तर ती पाणी घेईना, आडवी करावी तर हातातून निसटून तरंगत जाई. मी तिच्यामागं गेलो. बगळ्यानं पुन्हा पाय बदलला. काठावरून कासाबाई तोंडाला पदर लावून ओरडली, “आगं बाई, बापय माणूस पाणी भरायलाय!” आणि पालावरच्या सगळ्या बाया बघायला आल्या. उत्पला जागी झाली आणि टाळ्या वाजवू लागली. माणिकराव, ज्यांनी आयुष्यभर गाड्या सोडल्या, ते मला घागर कशी धरावी याच्या सूचना सोडत होते. एका सरकारी कर्मचाऱ्याची इभ्रत ज्या ज्या प्रकारे जाऊ शकते त्या सगळ्या प्रकारे माझी जात होती. पण घागर भरली की ती जो आवाज करते, तो मी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. पहिली भरलेली घागर मी खांद्यावर घेतली, धापा टाकत सरळ उभा राहिलो आणि काठाकडं वळलो.

“अवो,” सुलानं हाक मारली.

मला वाटलं, आता म्हणेल, राहू द्या, मी भरते. एवढ्या वर्षांचा संसार आहे, बायकोचं मन मला कळतं. मी नको नको म्हणायची तयारी केली.

“जरा बाजूला सरका,” ती म्हणाली. “तळं दिसंना झालंय.”